राघोचं लहानपण

कुणी राघोचं लहानपण विचारलं की भिवंडीजवळच्या वडपे गावची ठकुबाई पदर सावरून बसायची आणि पोराचं कौतुक सुरू करायची. त्यात तिचं काय चुकलं? राघो तिशीला टेकला तरी बिनलग्नाचा होता, आणि मुलीकडची माणसं दारात आली की आईनं मुलाला चढवूनच सांगायचं असतं. पोरगं लंगडं असलं तरी ‘चाल कशी डौलदार आहे बघा’ म्हणायचं. राघो तर धडधाकट होता, नुसता घुमा. गोडाऊनमध्ये माल चढवायचा, उतरवायचा, घरी येऊन मुकाट जेवायचा. दरवेळी पाहुण्यांचा निरोप तोच, "मुलगा बोलत नाही हो."

त्याच गोडाऊनमध्ये भावना नावाची मुलगी पॅकिंगला होती. एका संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर ती घरी पोचलीच नाही. सकाळी मागच्या पायवाटेला गवतात सापडली, गळा आवळलेली. गाव हादरलं. त्या वाटेनं तिच्या मागून राघो जाताना कुणीतरी पाहिला होता. आता तो रोजच त्या वाटेनं यायचा, निम्मं गाव यायचं! पण पोलिसांनी विचारलं तेव्हा बाकीचे भडाभडा बोलले आणि हा मान खाली घालून उभा राहिला. झालं, धरला घुम्याला.

पुरावा म्हणावा तर कपाळ! तेव्हा पोलिसांनी मुंबईहून एक मॅडम बोलावल्या. खुनी माणसाचं मन कसं घडतं, तो लहानपणी कसा वागतो, याचा त्यांनी म्हणे परदेशात जाऊन अभ्यास केला होता. बाई वाईट नव्हती हो, तेच तर वाईट झालं. तिनं चप्पल दाराबाहेर काढली, ठकुबाईला ‘मावशी’ म्हटलं, बिनदुधाचा चहा गोड मानून घेतला आणि मायेनं विचारलं, "मावशी, राघो लहानपणी कसा होता?"

ठकुबाईनं पदर सावरला. वरच्या साहेबाच्या कानावर पोराचं चांगलं गेलं तर पोर सुटेल, एवढं साधं गणित तिचं.

"माजा राघो लय गुणाचा, बाय. कामाला कदी न्हाय म्हनला न्हाय."

"रक्तबिक्त बघून घाबरायचा का?"

"छ्या! एवढासा व्हता, पर राखनीचा कोंबडा त्योच कापायचा. बाकीची पोरं रडायची, ह्याचा हात हलायचा न्हाय."

शेताची राखण करणाऱ्या देवाला कोंबडा द्यायचा, ही इथली जुनी रीत. मॅडमना ती काय ठाऊक? त्यांनी लिहून घेतलं.

"आणि आगीशी खेळायचा?"

"खेळायचा? अवो, आख्ख्या आळीचं राब त्योच भाजायचा!" ठकुबाई फुलून आली. भात पेरण्याआधी शेतात पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. वारा बघून काडी लावावी लागते, नाहीतर आग शेजाऱ्याच्या गवतात जाते. राघोला ते बरोबर जमायचं. पण हे सगळं ठकुबाईनं सांगितलं नाही, कारण राब काय ते आंधळ्यालाही कळतं असं तिला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "जाळ उठला का नाचायचा माजा राघो."

मग मॅडमनी अंथरुणाचं विचारलं. ठकुबाई लाजून हसली. "धा वर्साचा व्हईतो वलं करायचा. पर म्या कदी मारलं न्हाय त्याला."

"वडील मारायचे?"

"बाप म्हनल्यावर मारनारच की!"

मॅडमची मान हलत होती आणि ठकुबाईला वाटत होतं, पसंत पडला पोरगा.

पुढं पेपरात आलं. शेजारच्या रंगूबाईची सून शिकलेली, तिनं ओट्यावर बसून वाचून दाखवलं. लहानपणापासून रक्ताची चटक. आगी लावून नाचायचा. दहा वर्षांचा होईतो अंथरूण ओलं. मोठेपणीच्या खुन्याच्या तिन्ही खुणा एकाच पोरात, आणि खुद्द आईनंच सांगितलेलं. अहो, या खुणा लावायच्या तर आख्खा भिवंडी तालुका फासावर चढवा! राब कुणी भाजला नाही? कोंबडा कुणी कापला नाही? ठकुबाई धावत पोलिसांकडे गेली, राब म्हणजे काय, राखण म्हणजे काय, घसा फुटेस्तोवर सांगत राहिली. साहेब म्हणाले, "मावशी, तेव्हा वेगळं सांगितलंत, आता वेगळं सांगताय. आईच ती, पोराला वाचवणारच." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राघोची रवानगी तुरुंगात झाली.

गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. बायका नळावर तिला बघून पोरींना जवळ ओढायच्या. ठकुबाई एकटी घरात बसायची आणि पेपरातली ती वाक्यं मनात घोळायची. ती तिचीच होती, म्हणून जास्त टोचायची. उंदीर घरात शिरावा तसा संशय शिरला, मग काय काय कुरतडेल त्याचा नेम नाही. कोंबडा कापताना हसायचा का हा? लहानपणी चुलतभावाशी भांडण झालं तेव्हा त्याचा गळा धरला होता ना? असा तर सगळ्याच भावांनी धरलेला असतो. पण तिला आता एवढंच आठवायचं. भेटीला गेली तर जाळीपलीकडून तो विचारी, "जेवतेस ना, आये?" आणि ती त्याच्या हातांकडे बघत बसायची. मग घरी येऊन स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

वर्ष उलटलं आणि खरा खुनी सापडला. गोडाऊनचा सुपरवायझर! भावनाच्या फोटोला पहिला हार घालणारा, गोड बोलणारा, चारचौघांत उठबस असलेला. भावनाचा मोबाईल त्यानं भिवंडीत विकला आणि त्यावरून धरला गेला. त्यानं लहानपणी काडी ओढून चूलसुद्धा पेटवली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मॅडम परत फिरकल्या नाहीत.

राघो सुटला. ठकुबाई त्याला आणायला गेली, गळ्यात पडून रडली. तो वाळला होता, केस पिकले होते. पण खरं सांगू? तिला देव भेटल्यासारखं झालं. आता पोर घरी येणार, चार घास पोटभर खाणार.

भिवंडीहून वडप्याला दोघं शेअर रिक्षात बसले. राघो कडेला सरकून बसला, ठकुबाई पलीकडच्या बाजूला. मधे जागा होती. रिक्षा निघणार तेवढ्यात एक मुलगी धावत आली, गोडाऊनची ड्युटी गाठायची होती तिला. राघोनं आणखी अंग चोरून घेतलं. आणि ठकुबाई, काही विचार करायच्या आधीच, मधे सरकली. मुलीला आपल्या पलीकडे घेतलं, आणि हातसुद्धा आडवा धरला.

राघोनं तो हात पाहिला.

"आये," तो हळूच म्हणाला, "तुलाबी वाटतं?"

"न्हाय रं! तिला वारा लागावा म्हनून..." ठकुबाई म्हणाली. हात मात्र अजून आडवाच होता.

पुढच्या नाक्यावर राघोनं रिक्षा थांबवली आणि उतरला. "तू जा घरला," एवढंच बोलला आणि हायवेनं उलट्या दिशेला चालू लागला.

"मौसी, आपको भी उतरना है?" रिक्षावाल्यानं विचारलं.

ठकुबाईला उतरायचं होतं. पोराच्या मागं धावायचं होतं, पाय धरायचे होते त्याचे. पण गाठल्यावर त्याला सांगणार काय? रिक्षावाला थोडा थांबला, मग त्यानं गाडी वडप्याकडे सोडली. राघो घरी आलाच नाही.