गोरक्षनाथची लेखनिक

सूचनाफलकावरच्या नोटिशीत ‘विद्यार्थी’ या शब्दातला ‘र्थी’ ऱ्हस्व पडला होता आणि अल्मासला ते काही बघवेना. नगरच्या त्या मिशनच्या कॉलेजात ती अकरावी सायन्सला होती. अम्मीचं बोलणं असो, मैत्रिणींच्या वह्या असोत, नाहीतर रिक्षांच्या मागच्या पाट्या, चूक दिसली की तिचे हात शिवशिवायचे. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पेन काढलं आणि चुकलेल्या शब्दावर रेघ मारून वर सुबक अक्षरात बरोबर शब्द लिहिला.

“अक्षर झकास आहे की गं तुझं!” मागून आवाज आला.

मोनिका साळवे मॅडम होत्या. चॅपलला लागून असलेल्या खोलीत त्या विद्यार्थी साहाय्य केंद्र चालवायच्या. कुणाला होस्टेलमध्ये करमत नसलं, कुणाची शिष्यवृत्ती अडली, कुणाला परीक्षेची धास्ती बसली, की सगळ्यांची पावलं त्या खोलीकडे वळायची. अल्मासला वाटलं, आता बोलणी बसणार.

“दुरुस्त केलंस ते बरं झालं,” मॅडम म्हणाल्या. “आता नोटीस पूर्ण वाच.”

ज्यांना दिसत नाही अशा मुलांचे पेपर लिहायला लेखनिक हवे होते. खालच्या वर्गातले, दुसऱ्या शाखेचे, चांगल्या अक्षराचे. अल्मास नाही म्हणायला तोंड उघडणार, तोवर मॅडमनी तिचं नाव वहीत टिपूनही टाकलं.

गोरक्षनाथ राजूरकडच्या डोंगरातला. इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. जन्मापासून दिसत नव्हतं, पण पावलांच्या आवाजावरून अर्धं कॉलेज ओळखायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “तू लई भरभर चालती. लिवती पन तशीच का?”

रोज दुपारी केंद्राच्या खोलीत अल्मास त्याला नोट्स वाचून दाखवायची, मग तो उत्तर सांगायचा आणि ती लिहायची. शेजारी चॅपलमध्ये ईस्टरच्या गाण्यांचा सराव चालायचा आणि गोरक्षनाथ मधूनच खालच्या पट्टीत सूर मिसळायचा. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी तो म्हणाला, “आता वाचून दाखव बरं, काय लिवलंय.”

अल्मासनं ऐटीत वाचलं, “त्यामुळे पेशव्यांची राजकीय परिस्थिती अत्यंत बिकट झाली.”

“हे कोन बोललं?”

“तुम्हीच, दादा.”

“मी बोल्लो, पेशव्यांची फजिती झाली. बिकट न्हाई, राजकीय न्हाई. फजिती.”

“पण पेपरात असं लिहितात का? मी फक्त चांगलं केलं!”

“पेपर कुनाचा हाय?” गोरक्षनाथनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. “मला सुधारायचं आसंल तर मी सुधारीन. तू मधी घालू नको.”

अल्मासला राग आला. एवढी मेहनत घ्यायची आणि वर बोलणी खायची! ती वही मिटून उठली. मोनिका मॅडम कपाटातल्या फायली लावत होत्या. त्या वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बस. ओढणी डोळ्यांवर बांध. आता तू सांग, गोरक्षनाथ लिहील.”

“काय सांगू?”

“काहीही. घरी ईदला काय करता, ते सांग.”

अल्मासनं फुरंगटूनच सुरुवात केली, पण बोलता बोलता रंगली. अम्मी आदल्या रात्रीच खारका भिजवते, दूध आटवते, शेवया तुपात परतते, अब्बा नमाजहून आले की पहिली वाटी त्यांना. गोरक्षनाथची बोटं केंद्रातल्या बोलक्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टकटक चालत होती. संपल्यावर त्यानं कळ दाबली आणि कॉम्प्युटर आपल्या कोरड्या, सपाट आवाजात वाचू लागला. सगळं नीट चाललं होतं. मग आवाज म्हणाला, “दूध आटलं की अम्मी त्यात किलोभर गूळ टाकते आणि वरून शेंगदाण्याचा कूट भुरभुरवते.”

अल्मासनं ओढणी ओढून काढली. “गूळ? शिरखुर्म्यात गूळ? दूध फाटेल ना! आणि कूट कुठून आला? मी असलं काही बोललेच नाही!”

“मी फक्त चांगलं केलं,” गोरक्षनाथ गंभीरपणे म्हणाला.

मॅडमच्या हातातली फाईल हसता हसता खाली पडली. अल्मास क्षणभर लालबुंद झाली आणि मग तिलाही हसू आवरेना. डोळे पुसत तिनं पेन उचललं, ‘राजकीय परिस्थिती अत्यंत बिकट’वर काट मारली आणि वर लिहिलं, फजिती.

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाली. त्यांना वेगळी खोली आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळाली. पर्यवेक्षक सर पंख्याखाली बसून दोघांवर लक्ष ठेवत होते. गोरक्षनाथ सांगत होता, अल्मास लिहीत होती. तिसऱ्या प्रश्नात तो म्हणाला, “सालबाईचा तह सतराशे शहात्तर साली झाला.”

अल्मासचं पेन थांबलं. शहात्तरला पुरंदरचा. सालबाईचा ब्याऐंशीला. नोट्समधलं ते पान तिनं त्याला दहादा वाचून दाखवलं होतं. एक आकडा, तिच्या अक्षरात, कुणाला कळणार होतं? पर्यवेक्षक सरांचं लक्षही खिडकीबाहेर होतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि लिहिलं, १७७६.

पेपर झाल्यावर कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंतही तिला दम धरवला नाही. “दादा, सालबाई ब्याऐंशी!”

“ठावं हाय.”

“ठाऊक होतं?”

“सांगताना चुकलो. पन तुजं पेन थांबलं तवाच ध्यानात आलं.”

“मग बदललं का नाही? सांगायचं ना, मी खोडलं असतं!”

“मंग ते तुज्या पेनानं सांगितलेलं उत्तर झालं आसतं,” गोरक्षनाथ म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला. “एका सालानं काय हुतंय? बाकीचं समदं बरोबर हाय.”

अल्मासनं आपल्या ताटलीतला अर्धा वडा त्याच्या ताटलीत सरकवला.

जूनच्या सुरुवातीला निकाल लागला. गोरक्षनाथ पहिल्या वर्गात पास झाला होता. त्याच्या आईनं, राहीबाईनं, मोनिका मॅडमना फोन केला आणि त्यांना व अल्मासला, दोघींनाही गावाकडे बोलावलंच. अम्मीनं डबाभर शिरखुर्मा सोबत दिला. पहिला पाऊस अजून यायचा होता आणि डोंगरात झाडांवर काजवे दाटले होते. जेवणं झाल्यावर सगळे अंगणात आले.

“समोरच्या हिरड्यावर हायेत का?” गोरक्षनाथनं विचारलं.

“आहेत. सगळं झाड भरलंय. एकदम पेटतात, एकदम विझतात.”

“एकदम म्हंजी? समदे एका टायमाला?”

“थांबा, नीट बघू द्या,” अल्मास म्हणाली आणि अंगणाच्या कडेपर्यंत गेली. “नाही दादा. खालून सुरू होतात आणि वर शेंड्यापर्यंत पळत जातात.”

गोरक्षनाथ खालून वर हात नेत हसला. “आसं?”

“आणखी भरभर!”

आतून राहीबाईनं शिरखुर्म्याच्या वाट्या आणल्या आणि पहिली अल्मासच्या हातात दिली.