साखर ओढणारी अळंबी

मनवेलपाड्यातल्या त्या हॉलबाहेर चपलांचा एवढा ढीग पडला होता, की माझी जोडी ठेवायला मला मागं रस्त्यापर्यंत यावं लागलं. आत एसी इतका जोरात, की बायकांनी पदर कानांवरून गुंडाळून घेतलेले. समोर झेंडूच्या चौकटीत अकरा अळंब्या मांडलेल्या. लालभडक चपट्या टोप्या, त्यांवर पांढरे ठिपके, खाली गुबगुबीत दांडे. प्रत्येकीमागं एक खुर्ची आणि प्रत्येक खुर्चीत मधुमेहाचा एक रोगी.

सेविकांनी टोप्यांवर बर्फासारखं गार तीर्थ शिंपडलं, फडक्यानं पुसलं.

"ठेवा पाय!" बाबा म्हणाले. "डोळे मिटा. डॉक्टरला विसरा. मेडिकलवाल्याला विसरा. आपल्या अळंबीशी बोला!"

मिनिटभर मंत्र झाला. मग "उचला!" अकरा जणांनी पाय उचलले आणि लाल टोप्यांवर पावलांचे पांढरेशुभ्र ठसे उमटलेले!

"साखर उतरली!" बाबा गरजले.

"उतरली! उतरली!" सगळा हॉल ओरडला. मोबाइल वर झाले. माझ्या शेजारची बाई तर हुंदके देऊन रडत होती. बघता बघता ते ठसे विरले, टोप्या पुन्हा लाल झाल्या.

"पचवली! अळंबीनं साखर पचवली! अहो, झाडाला मूळ असतं. अळंबीला मूळ आहे? नाही! मग ती जगते कशावर? दुसऱ्याचं ओढून! हे शास्त्र आहे. अमेरिकेत यावर मोठं संशोधन चालू आहे, फक्त ते लोक आपल्याला सांगत नाहीत."

ते लोक सांगत नाहीत, मग यांना कुणी सांगितलं? हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे या अळंब्या सह्याद्रीतल्या एका गुहेत, साधनेच्या अकराव्या दिवशी प्रकट झाल्या होत्या. मला मात्र नक्की ठाऊक होतं, की त्या कामणला, गोदामांच्या मागच्या शेडमध्ये, जाळी आणि सिमेंटमधून प्रकट झाल्या. कारण मीच त्या प्रकट केल्या होत्या.

मी प्लासिड. बागेत ठेवायचं सामान बनवतो. बगळे, बेडूक, कुंड्या आणि अळंबीच्या आकाराची स्टुलं, बसायची उंच आणि पाय ठेवायची बुटकी. समुद्राकाठच्या एका रिसॉर्टनं मुलांच्या बागेसाठी बारा बुटकी स्टुलं मागवली होती. गंमत म्हणून मी त्यांना ऊब लागली की उडणारा रंग दिला. अंगाची ऊब लागली की वरचा लाल दिसेनासा होतो, खालचा पांढरा दिसतो. गार झालं की लाल परत. असले चहाचे मग बाजारात मिळतात. शेडच्या सावलीत सगळं झकास चाललं. बागेत मांडल्यावर मात्र सकाळी नऊच्या उन्हातच सगळ्या टोप्या पांढऱ्याफटक! उन्हाचा विचारच मी केला नव्हता. रिसॉर्टवाल्यानं माल परत पाठवला. एक स्टूल माझी बायको लिडिया हिनं घरी नेलं, अकरा शेडमध्ये धूळ खात पडली. लग्नाचे हॉल सजवणारा उमंग नावाचा एक चटपटीत माणूस येऊन ती उचलून घेऊन गेला. तीन महिन्यांनी तोच पांढऱ्या कफनीत उमंगबाबा झाला.

मी पोट धरून हसलो असतो हो. पण चौथ्या खुर्चीत मधू बसला होता.

मधू माझा शेजारी, बालमित्र. त्याची केळीची आणि मोगऱ्याची वाडी, मध्ये वईचं कुंपण आणि अलीकडे आमचं घर. त्यांच्या घरची जुनी रीत, वाडीत चपला घालून जायचं नाही. जमीन म्हणजे आई, तिच्यावर चपलेनं कसं चालायचं? रीत चांगलीच. पण मधूला पंधरा वर्षांचा मधुमेह. डाव्या अंगठ्याला कापलेल्या बांबूचं टोक घुसलं आणि त्याला कळलंसुद्धा नाही. जखम झाली, ती भरेना. डॉक्टर रोज ड्रेसिंग करा म्हणत होते, इन्सुलिन चुकवू नका म्हणत होते. मधूनं दोन्ही सोडलं आणि अळंबी धरली.

"मधू, तो रंग आहे रे! मी लावलाय, ह्या हातांनी!"

"असेल," तो शांतपणे म्हणाला. "पण आता जखम दुखत नाही, त्याचं काय? आधी इंजेक्शनं घेऊन तरी काय झालं?"

औषधातलं मला काय कळणार? मी सिमेंटवाला माणूस.

पुढच्या रविवारी मी थर्मासमध्ये उकळतं पाणी घेऊन हॉलमध्ये गेलो. तरातरा पुढं गेलो, स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पेला पहिल्या अळंबीवर ठेवला.

"काका, प्लीज! तुमचं टोकन किधर है?" एक सेविका धावली.

मी पेला उचलला. टोपीवर पांढरं गोल कडं उमटलं होतं. "बघा!" मी ओरडलो. "या पेल्याला मधुमेह कधी झाला? ही साखर नाही, ऊब आहे! गार पाणी आणि एसी कशाला लागतो, विचारा यांना! ही स्टुलं मी बनवलीत!"

सगळ्यांच्या माना त्या कड्याकडं वळल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मिठागराकडची एक म्हातारी उठली, त्या कड्यावरून बोट फिरवून तिनं ते कपाळाला लावलं.

"पान्यातली पन साखर ओढली गो बाय!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खरंच सांगतो, टाळ्या!

उमंगबाबा जरासुद्धा डगमगला नाही. हात जोडून माझ्याजवळ आला. "खरं बोलतायत हे. गुहेत मला दर्शन झालं, पण देह घडवला यांच्याच हातांनी. गणपती कोण घडवतो? मूर्तिकार. पण तो घडवतो तोवर माती असते. प्राण नंतर येतो! मूर्तिकार म्हणाला, ही शाडूची माती आहे, तर तुम्ही आरती बंद करता का?"

"नाही!" हॉल म्हणाला.

मी तोंड उघडेपर्यंत माझ्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला होता. लोक माझ्या पाया पडायला लागले. फोटो निघाले. घरी येऊन मी शाल फेकली तेव्हा लिडिया ती उचलून घडी घालत म्हणाली, "तुम्ही चिडता कशाला? आपल्या चर्चमधली माउलीची मूर्तीसुद्धा सुतारानंच केलीय ना? फादरांनी आशीर्वाद दिल्यावरच आपण गुडघे टेकतो."

घ्या! घरातच ही तऱ्हा. मी हात टेकले. पंधरा दिवसांत हॉलवर बॅनर लागला, बाबांच्या शेजारी शाल पांघरलेला मी, खाली 'धन्य ते हात'. काढायला सांगायला गेलो, तर पुन्हा नारळ दिला.

मधूच्या दर रविवारच्या फेऱ्या चालूच राहिल्या. शांतावहिनी, त्याची बायको, नोव्हेंबरात एकदा वईपलीकडून आनंदानं सांगत होती, "प्लासिडभाऊ, यांच्या डाव्या पायाचा ठसा फिका व्हायला लागलाय. बाबा म्हणाले, त्या पायातली साखर संपत आली."

मी वैतागून मान फिरवली. ऐकून घेतलं असतं, थोडं डोकं चालवलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. पण मला फक्त ते लोक खोटे आहेत एवढंच सिद्ध करायचं होतं.

जानेवारीत एका गार सकाळी मी मधूला हट्टानं आमच्या ओट्यावर बोलावलं. लिडियाचं बारावं स्टूल त्याच्यापुढं ठेवलं. "हे कुठल्या गुहेत गेलेलं नाही. याच्यावर कुणी मंत्र म्हटलेला नाही. ठेव दोन्ही पाय. यावर ठसे उठले तर मानशील, की हा नुसता रंग आहे?"

"मानीन," मधू हसला. लहानपणी पैज लावताना हसायचा तसाच.

त्यानं पाय ठेवले. मी घड्याळात मिनिट मोजलं. मग त्यानं पाय उचलले.

उजव्याचा ठसा स्पष्ट, पाचही बोटं. डाव्याच्या जागी काहीच नाही. नुसता लाल.

"बघ!" मधू मुलासारखा ओरडला. "तुझंच स्टूल सांगतंय! डाव्यातली साखर साफ संपली! आता बोल!"

मी त्या लाल टोपीवर माझा तळवा दाबला. उचलला. पांढरा पंजा उमटला. म्हणजे रंग ठीक होता. ऊब लागली की पांढरं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मग डाव्या पायाखाली लाल का राहिलं?

मी खाली बसलो आणि मधूचा डावा पाय हातात घेतला. देवा! तो विहिरीच्या दगडासारखा गार होता. अंगठा काळा पडला होता. माझी बोटं त्या पायावर होती, हे मधूला कळतही नव्हतं.

"मधू, हा पाय गार कधीपासून आहे?"

"गार?" त्यानं विचारलं. "दुखत तर नाही रे."

हॉस्पिटलात सर्जन बाईंनी पाय दाबून पाहिला आणि लगेच तपासण्या लावल्या. पायातली रक्तवाहिनी बंद झाली होती. खाली रक्तच पोचत नव्हतं, म्हणून ऊब नव्हती. नसा मेल्या होत्या, म्हणून दुखत नव्हतं. "दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता," त्या म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वीच ठसा फिका व्हायला लागला होता. माझ्याच हातचं स्टूल दर रविवारी भरल्या हॉलपुढं ओरडून सांगत होतं, की हा पाय मरतोय, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

गुडघ्याखाली पाय काढला. मधू घरी आला त्या दिवशी शांतावहिनी मला बाजूला घेऊन रडत म्हणाली, "भाऊ, तुम्ही घाई केलीत. दोनच बैठका राहिल्या होत्या." मी तिला रागावूही शकलो नाही. तिच्या कुंकवाची शपथ, ती मनापासून बोलत होती.

हॉल अजून चालू आहे. पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी घेतला, ठेवून दिला. बॅनरवर मी अजून शाल पांघरून हसतोय. मधूचं नाव काढलं तर लोक म्हणतात, बैठका अर्धवट सोडल्या त्यानं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मधूचा मुलगा नीलेश रोज कामावर निघताना बापाच्या पाया पडतो. त्या दोन महिन्यांतही रोज पडत होता. वाकायचं, बोटं टेकवायची, छातीला लावायची, निघायचं. साठ वेळा त्याची बोटं त्या गार पायाला लागली असतील. हॉस्पिटलच्या बाकावर तो स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसला होता. आणि मी तरी काय केलं? दोन महिने रंगावरून भांडलो, पायाला हात लावला नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. माझं ऐकू नका, बाबाचंही ऐकू नका. कुठल्याही चमत्कारावर गरम पाण्याचा पेला ठेवून बघा. आणि घरातल्या मोठ्यांच्या पाया पडताना हात लगेच उचलू नका. घटकाभर तिथंच ठेवा. पाय गरम आहे की गार, तेवढं बघा. गार लागला, तर त्याच पावली दवाखान्यात न्या.