पाठीवरचा हात

स्वप्नालीचा माणसांपेक्षा मीटरवर जास्त भरवसा होता. पेशंट थापा मारतात, आणि नातेवाइकांचं तर विचारूच नका. दर मंगळवारी सकाळी ती हाटकेश भागातल्या क्लिनिकमधून स्कूटर काढून पालीच्या कोळीवाड्यात यायची, लीलाधरकाकांच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजायला. नाकाला चिमटा, तोंडात बंद नळी, आणि जीव खाऊन हवा आत ओढायची. बस, एवढंच.

काकांचे स्नायू एकेक करून संपावर चालले होते. जाळी ओढणाऱ्या हातांना आता चहाचा कप पेलवत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आकडा विसाच्या खाली गेला की त्याच दिवशी दवाखाना आणि श्वासाचं मशीन. त्या मशीनवर गेलेला माणूस घरी परतत नाही, अशी त्यांच्या बायकोची, हौसाबाईंची पक्की समजूत होती.

गेल्या मंगळवारी आकडा चोवीस होता. आज आला साठ.

मीटर बिघडलं म्हणून स्वप्नालीने नवी नळी लावून स्वतः ओढून पाहिलं. नव्वद, नेहमीचेच. मग काकांचे पुन्हा साठ, तिसऱ्यांदाही साठ. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या अंगावर काटा आला. काकांची छाती जराही हलली नव्हती.

हौसाबाई काकांच्या मागे उभ्या होत्या, पाठीवर तळहात टेकवून.

"काकी, दोन मिनिटं बाहेर थांबता?"

"मी काय त्यांना खातंय?" कुरकुरत त्या ओट्यावर गेल्या.

काकांनी ओढलं. सोळा. पुन्हा ओढलं, पुन्हा सोळा.

स्वप्नालीने हौसाबाईंना आत बोलावलं आणि दुसरी नळी लावून मीटर त्यांच्याच तोंडाशी धरलं. त्यांनी ओढलं. शून्य. चालत्याबोलत्या माणसाचं शून्य येतच नाही. तिने त्यांच्या नाकासमोर हात धरला, तर बोटांना काहीच लागलं नाही. आपण इथून पळावं, असं तिला सरळसरळ वाटलं.

"कधीपासून, काकी?"

"शनवारपासून. सगला श्वास त्यांना दिला. मना नको हाय आता." बाई मासळीचा वाटा काढून दिल्यासारखं बोलत होत्या. "तू साठ लिव. त्यांना न्हेऊ नको."

काका ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"सोला लिव, पोरी. गाडी बोलाव," ते थांबत थांबत म्हणाले. "आनि हौसे, मना हात लावायचा न्हाय."

गल्ली अरुंद, म्हणून अँब्युलन्स नाक्यावरच थांबली. दोघा माणसांनी काकांना स्ट्रेचरवरून तिथवर नेलं. आत ठेवताना काकांनी स्वप्नालीला खुणेनं बोलावलं.

"तिचा परत आला का, बघ. त्याबिगर मी जानार न्हाय."

मागोमाग चालत आलेल्या हौसाबाईंनी नळी तोंडात धरली आणि ओढलं. शून्य.

स्वप्नालीने मीटर छातीशी पालथं धरलं. "चाळीस, काका. आला परत."

काकांनी समाधानाने डोळे मिटले.

"तुमी व्हा फुडं," हौसाबाई म्हणाल्या, "मी येतंय मागून."

गाडी वळेपर्यंत त्या हसत उभ्या होत्या. मग रस्त्याच्या कडेला खाली बसल्या आणि हळूच भिंतीला कलंडल्या. स्वप्नालीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कुणाला फोन करायचा, ते तिला कळेना.