अकरा नळ्यांचा राखणदार

मी उणे ऐंशी अंशांचा फ्रीज बोलतोय. तुमच्या घरातला दूध-भाजीचा फ्रीज माझा लांबचा भाऊ, पण आमचं येणंजाणं नाही. तो कुणासाठीही उघडतो. माझ्या दारावर मात्र कागद चिकटवलाय: कप्पा आणि डबा आधी मोठ्याने सांगा, मग दार उघडा, तीस सेकंदांत बंद करा. कुणी रेंगाळलं की काका खेकसतात, "हवा खायला उघडलंस का? लाव दार!"

काका म्हणजे या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. मी कारखान्यातून आलो तेव्हा हमालांनी मला जिन्यात आपटलं आणि माझ्या कोपऱ्याला पोचा आला. त्या दिवशी काका जेवले नाहीत म्हणे. मला काही दुखलं नव्हतं, पण बरं वाटलं.

माझ्या पोटात लहान मुलांच्या कॅन्सरच्या गाठींचे तुकडे आहेत. करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या. त्यांच्यावर नाव नाही, फक्त नंबर. वरच्या कप्प्यातल्या अकरा नळ्या एकाच जातीच्या गाठीच्या. ही गाठ फार थोड्या मुलांना होते. रोगी थोडे, म्हणून तिच्यावर औषध शोधायला पैसा घालणारेही थोडे. आमच्या मॅडम, म्हणजे इथल्या मुख्य संशोधक, सहा वर्षं अर्ज करत होत्या. 'विषय महत्त्वाचा आहे' असं उत्तर यायचं आणि पैसे यायचे नाहीत.

चार नंबरची नळी एका सात वर्षांच्या मुलीची. मुलगी गेली. तिची आई दरवर्षी तिच्या वाढदिवसाला फोन करायची. "मॅडम, तिच्या नळीचं काही झालं का?"

"अजून नाही हो, ताई."

माणसं 'अजून' हा शब्द फार वापरतात. मी तर सगळंच 'अजून'मध्ये धरून बसलेलो असतो, त्यामुळे मला त्याचं विशेष काही वाटत नसे. फोन ठेवल्यावर मॅडम पुन्हा नवा अर्ज लिहायला घ्यायच्या, एवढं मात्र मी पाहिलंय.

मग कुणीतरी सुचवलं, एक छोटी फिल्म करू, लोकांना कळू दे, लोकच पैसे देतील. कॅमेरावाला आला. चार नंबरच्या आईलाही बोलायला बोलावलं होतं. ती शेजारच्या खोलीत केस नीट करत होती. कॅमेरावाल्याला मी बंद दाराने आवडलो नाही. दार उघडलं आणि धुकं बाहेर आलं, तसा तो हरखला. "वा! हेच पाहिजे. राहू द्या उघडं."

तीस सेकंद झाले. मिनिट झालं. कुणी हटकेना. मी अलार्म वाजवला, तर तो म्हणतो, "काका, ते बंद करा ना, आवाजात येतंय." आणि काय सांगू तुम्हाला, काकांनी बटण दाबलं. आयुष्यभर दुसऱ्यांवर खेकसलेला माणूस! मॅडमनीही अडवलं नाही. सहा वर्षांनी पैशाची आशा दिसली होती, शहाण्यांचीही मती गुंग झाली. वरचा कप्पा उणे साठवर आला, मग पंचावन्नवर. एकदा ते तुकडे वितळले की पुन्हा गोठवून काही उपयोग नसतो. मी घाबरलो, हे कबूल करतो. पण मला हात नाहीत.

तेवढ्यात ती आई आत आली. धुकं पाहिलं, कॅमेरा पाहिला, माझ्या दारावरच्या तापमानाच्या आकड्याकडे पाहिलं.

"दार लावा आधी! माझी मुलगी आहे त्यात!"

आणि कुणी हलायच्या आत तिने स्वतःच दार लोटलं, पाठ टेकून उभी राहिली. काकांनी मान खाली घातली. मॅडम रडल्या. नळ्या वाचल्या, काकांनी एकेक तपासली. कॅमेरा चालूच होता. पुढे फिल्ममध्ये मॅडमचं भाषण कापलं गेलं आणि एवढंच राहिलं. लोकांनी ते पाहिलं आणि पैसे पाठवले.

गेल्या महिन्यात मॅडमनी आईला बोलावून घेतलं. "ताई, काम सुरू करतोय. पण नळी वितळवावी लागेल, तुकडा वाटून बारीक करावा लागेल. नंतर काही उरत नाही. तुमची संमतीची सही आहेच, तरी विचारते."

आई माझ्या दारावर हात ठेवून उभी राहिली. हात गरम होता. म्हणाली, "ठेवायला कुठे दिली होती मी? वापरायला दिली होती." मग तिने हात काढला.

काकांनी नळी नेली. आता ती कुठेच नाही.

आलेला पैसा चार नळ्यांच्या कामापुरता होता, तिच्यामागून आणखी तीन गेल्या. सात अजून माझ्याकडे आहेत. त्यांच्याही आया आहेत, त्याही फोन करतात. मी राखणदार माणूस, राखणं मला जमतं. पण नुसतं राखून ठेवल्याने कुठलंच पोर बरं होत नाही, हे मला आता कळलंय. तुम्हाला कळलं असेल, तर या सातांसाठी काहीतरी करा. मला रिकामं व्हायचंय.