सूत भिजवायचं टाकं

गुंजनचा मलेरियाचा ताप नुकता उतरला होता. आमच्या गल्लीच्या आशा सेविका दामिनीनं बोट टोचून तपासलं, आणि गोळ्या मी चमच्यात विरघळवून पाजल्या. वर्षाचीही नाही माझी पोर. दूध पितापिता अजून दमते, थांबून नुसती बघत राहते.

आमच्या तांडापेठेत दर रविवारी आम्ही बायका घरोघरी जाऊन कूलर-ड्रममधलं साठलेलं पाणी ओतायला लावतो. मागच्या खेपेला तीन घरांनी दारं लावून घेतली. "आधी गोदूबाईचं टाकं पाह्य म्हणा!"

गोदूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हातमाग विकला, पण सूत भिजवायचं दगडी टाकं त्या अजून काठोकाठ भरून ठेवत.

"आई, त्यात अळ्या आहेत."

"काहून वं? नितळ पाणी आहे. गटार पाह्य जाऊन."

"मलेरियाचा डास नितळ पाण्यातच होते."

"मागाच्या घरात टाकं कोरडं ठेवत नसतात. तुह्या आधीचं आहे ते या घरात."

आज त्या देवळात गेल्या आणि मी टाकं उपसलं. पाणी गटारात नाही, तापल्या अंगणात ओतलं. अळ्या वळवळल्या नि वाळून गेल्या.

सासूबाई आल्या. पाहिलं. टाकं पुन्हा भरायला नळाखाली बादली लावली.

मी गुंजनला उचललं आणि टाक्यात जाऊन बसले.

"बाहेर निघ."

"नाही निघत. भराचंच असंल तर आमच्यावर ओता."

"पोरीले सर्दी होईन, पागल!"

"सर्दीच होईन ना? होऊ द्या."

पदराखाली गुंजन दूध पीत होती. तेवढ्यात दामिनी बायकांना घेऊन दारात. "अगं माय! गोदूबाई, सून भिजत घातली का?"

सगळ्या हसल्या. सासूबाई सोडून.

"किती वेळ बसशील?"

"तुमचा हात दुखेपर्यंत."

गुंजननं पदरातून डोकं काढलं, आजी दिसताच हात पसरले.

सासूबाईंचा आवाज उतरला. "आण तिले इकडं. कोपऱ्यात शेवाळ तसंच आहे, घासून काढ."

मी पोरीला घट्ट धरलं. "आधी बादली ओता."

"मले हुकूम सोडून राहिली?"

"हो. सोडून राहिली."

त्यांनी बादली अंगणात उलटी केली. रागानंच केली, माझ्या चपला वाहत दारापर्यंत गेल्या. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मी पोर दिली.