काचेखालचं गाजर

"काच उचलू नगंस गं, पोरीला उचल!" गेल्या वर्षी शेजारची पोल्डीमावशी शेताच्या कुंपणापलीकडून ओरडली होती. थेक्लानं हसून मान हलवली आणि काचच उचलली.

थेक्लाची पिआ तेव्हा नुकती रांगायला लागलेली. दिसेल ते धरायचं, धरेल ते तोंडात. अन् गाजराच्या वाफ्यावर ही भली थोरली काच, धारदार कडांची. थेक्ला कॉलेजात शिकलेली, त्यामुळं काळजी करायला तिच्यापाशी इतरांपेक्षा चार कारणं जास्तच. "उगवण मी फोनवर हवामान बघून सांगीन," म्हणत तिनं काच माळ्यावर टाकली.

मार्चफेल्डच्या त्या सपाट, वाऱ्याच्या रानात औषध न फवारता गाजर घ्यायचं तर काच हवीच. तिच्याखाली ऊब धरते, तिथलं गाजर बाकीच्या रानाआधी डोकं काढतं. ते दिसलं की त्याच दिवशी गॅसच्या ज्योतींचं यंत्र रानावरनं फिरवायचं. वर आलेलं तण होरपळतं, मातीखालचं गाजर सुखरूप राहतं.

थेक्लाचा तो दिवस हुकला. फोनमधलं ऊन वेगळं, रानातलं वेगळं. तिचा नवरा किलियान यंत्र जोडून गेला नि तसाच माघारी आला.

"गाजर आलंय," तो म्हणाला.

"मग चांगलंच की!"

"चाकवत बी आलाय. त्यात गाजर हुडकायला भिंग लागंल."

मग किलियान दुसरीकडं बघत म्हणाला, "गावातल्या श्टेफलचा तणनाशकाचा फवारा मागतो. एका दुपारचं काम."

"आणि फाटकावरची बायोची, बिनफवारणीच्या शेतीची पाटी?"

"उतरवायची. फिरून मिळायला वर्षं जातील."

ती पाटी थेक्लानं पिआ पोटात असताना रंगवली होती. आता पिआ वाफ्यात बसून मूठभर माती चाखत होती.

"बघ," थेक्ला म्हणाली. "ही तुझं रान खाते. फवार आता!"

मग उरलं एकच, विमान. म्हणजे ट्रॅक्टरमागची पंखासारखी रुंद फळी. तिच्यावर पालथं पडायचं अन् गोगलगायीच्या चालीनं खालचं तण उपटत जायचं. मजूर सगळे ॲस्परॅगसच्या काढणीला गेलेले. सकाळी थेक्ला बघते तर शेजारी, स्वयंपाकाच्या ॲप्रनसकट, पोल्डीमावशी पालथी.

"मावशी, या वयात?"

"पाठीवर निजायची येळ यायच्या आधी पोटावर निजून घेते. तुझं काय जातंय?"

"तुम्ही तर जन्मभर फवारलंत. आम्हाला हसायचात."

"अजून बी हसते की! पर घरात हसायला कोण न्हाई. भिताडं उत्तर देत न्हाईत. तू निदान चुकीचं तरी देतीस."

थेक्ला घडीघडीला मान वर करून बांधावरच्या गाडीतली पिआ बघायची.

"मान खाली घाल! तुझ्या हातनं चाकवत पळतोय, पोरगी न्हाई. अगं अगं, गाजर उपटलंस!"

असं हसत, भांडत रान निघालं. गाजर वाचलं, पाटी राहिली. मावशीची कंबर मात्र तेव्हापासून नीट सरळ झाली नाही. विचारलं तर म्हणायची, "वाकून बघायची सवय लागलीया."

यंदा पेरणी झाली. थेक्ला माळ्यावर गेली, तर हिवाळ्यातल्या वादळानं काचेचे तुकडे केलेले. दुसऱ्या दिवशी पोल्डीमावशी काखेत एक काच घेऊन हजर. चारी कडांना जुन्या स्कर्टची पट्टी घट्ट चिकटवलेली.

"आता धरू दे पोरीला," म्हणाली.

काच कुठली, ते सांगितलं नाही. रविवारी चर्चला जाताना थेक्लाला दिसलं. मावशीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पुठ्ठा. नवी काच घेऊन किलियान गेला, तर त्याला दारातनंच परतवलं. "कोंब दिसू दे, मग माझीच बसव. एका खिडकीला दोन काचा कशाला?"

आज काचेखाली कोंब दिसलाय. वाराही पडलाय, किलियान गॅस जोडतोय. पण रोज सकाळी काचेवर वाकून बघणारी मावशी आज आलेली नाही. फोन ती उचलत नाही. थेक्लाला ज्योतींमागं चालायचंय. हा दिवस पुन्हा हुकला तर रान गेलं, आणि तिचे डोळे सारखे वाटेकडं.

तुम्ही चर्चवरनंच जाणार ना? मावशीचं घर वाटेतच. पुठ्ठ्याची खिडकी, लगेच दिसेल. धुराड्यातनं धूर निघतोय का बघा. निघत असला तर हाक मारून सांगा, गाजर आलंय, थेक्लानं काच उचलली नाही. नसला निघत, तर दार ढकलून आत जा, अन् तरीही सांगा.