चाळीस प्रश्नांची बैठक

परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि ताईने खोलीचं दार लावून घेतलं होतं. हाडांच्या डॉक्टरांची ही शेवटची परीक्षा. दोनदा नापास झाल्यापासून सगळं घर तिच्या दारावरून चवड्यांवर चालायचं. तिचा सरावाचा नेमही कडक होता: चाळीस प्रश्न, एक तास, घराला आग लागली तरी मध्ये उठायचं नाही. आधी चार पर्याय वाचायचे, मग रोग्याची हकिकत. या युक्तीने तिचे गुण भराभर वाढले होते.

पलीकडच्या खोलीत धाकटा भाऊ पाय लांब करून पडला होता. सकाळी जिन्यावरून घसरून त्याची नडगी मोडली. तिनेच त्याला आपल्या हॉस्पिटलात नेलं, प्लास्टर घातलं, घरी आणलं. नुकत्याच मोडलेल्या हाडाला आधी एका बाजूने उघडं प्लास्टर घालतात, सूज उतरली की पूर्ण. हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण परीक्षेच्या तोंडावर पुन्हा खेप घालायला सवड कुणाला होती? तिने एकदमच पूर्ण घालून टाकलं.

दुपारी अकराव्या प्रश्नाला दार वाजलं.

"अगं, पाय फार दुखतोय गं त्याचा," बाहेरून आई म्हणाली.

"हाड मोडलंय, दुखणारच. गोळी दे."

"दोन दिल्या. तरी विव्हळतोय."

"आई, सुई टोचली तरी गाव गोळा करतो तो. तुला माहीत नाही का?"

भाऊ तसा राईचा पर्वत करणाराच, त्यामुळे आईलाही ते पटलं. ती परत गेली.

सव्विसाव्याला पुन्हा टकटक. "बोटं जरा हलवली तरी ओरडतोय गं."

"मग हलवू नकोस ना! माझा वेळ चाललाय."

तिची चिडचिड समजण्यासारखी आहे. दोनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला तिसऱ्यांदा धडकीच भरते. पण दाराबाहेरच्या प्रश्नाला चार पर्याय नव्हते, म्हणून तिला तो प्रश्नच वाटला नाही, याचा मात्र राग येतो.

छत्तिसावा प्रश्न. प्लास्टरमधला पाय, औषधाला न जुमानणारी वेदना, बोटं ताणली की किंकाळी. काय कराल? तिने क्षणात 'प्लास्टर ताबडतोब कापा' निवडलं. हिरवी खूण उमटली. खाली खुलासा होता: आत दाब वाढून स्नायू मरू लागतात, दुखणं थांबून पाय बधिर झाला, तर फार उशीर झाला असं समजा.

तेवढ्यात दाराबाहेर आईचा सुटकेचा आवाज आला. "थांबलं गं बाई एकदाचं! आता काहीच दुखत नाही म्हणतोय."

खुर्ची मागे कोसळली. ती धावत पलीकडे गेली. प्लास्टरच्या टोकाशी पाचही बोटं पांढरीफटक, गार पडली होती. तिने अंगठ्याला चिमटा घेतला, मग नखं रुतेपर्यंत दाबला.

भावाने डोळे उघडले. तिला पायथ्याशी पाहून तो हसला.

"आलीस तपासायला? जरा सावकाश हात लाव हं, ताई," तो म्हणाला. "मघाशी नुसता स्पर्श झाला तरी जीव जात होता."